औषधांमुळे माणूस नाजूक होत चाललाय का? ठाण्या-नवी मुंबईत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ठाण्यात रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते आणि सुट्टीच्या दिवशी शाळांमधून, सोसायट्यांमधून जनुकांवर बोलायला जाते. कोलशेत असो, कळवा असो की कोपरखैरणे, चहा यायच्या आत प्रश्न सुरू होतात आणि बहुतेक प्रश्न तेच असतात. म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत. सगळं सलग वाचायची गरज नाही.

डॉक्टर सगळ्यांनाच वाचवतात, मग माणसाची उत्क्रांती आता थांबली, असंच ना?

नाही. नैसर्गिक निवड म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर मरण येतं: दुबळे गेले, सशक्त उरले. पण निवडीचा हिशोब मरणाचा नसतो, मुलांचा असतो. पुढच्या पिढीत कोणाची जनुकं किती गेली, एवढंच त्यात मोजलं जातं. शंभर वर्षं जगून मूलबाळ नसलेला माणूस आणि दहाव्या वर्षी गोवराने गेलेलं पोर, दोघांची त्या वहीतली नोंद सारखीच.

वैद्यकाने बदललं ते असं. १९५१ च्या सुमारास भारतात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १४६ च्या आसपास पहिला वाढदिवसही बघत नव्हती. २०२० मध्ये हा आकडा २८ होता, महाराष्ट्रात तर १६. म्हणजे बालमृत्यूतून होणारी छाटणी जवळजवळ संपत आली. पण त्याच काळात दुसरा फरक उरलाच: कोणाला मुलं होतात, किती होतात आणि कोणत्या वयात होतात. १९९२-९३ मध्ये महाराष्ट्रातल्या बाईला सरासरी २.९ मुलं होत, २०१९-२१ च्या पाहणीत १.७. एकाला एक, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला एकही नाही, या फरकाशी जनुकांचा थोडाही संबंध असेल तर उत्क्रांती चालूच राहते. निवड स्मशानातून प्रसूतिगृहात आली, एवढंच.

पण खराब जनुकं साठत चालली आहेत हे तरी खरं ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि तो बहुतेक वेळा कोणीतरी आजोबा विचारतात. "आमच्या वेळी चार जगायची, ती दगडासारखी असायची." ठीक आहे, हिशोबच करू.

समजा एक आजार दर १०,००० मुलांत एकाला होतो आणि तो व्हायला आई आणि वडील दोघांकडूनही बिघडलेलं जनुक यावं लागतं. प्रत्येकाकडे त्या जनुकाच्या दोन प्रती असतात, म्हणजे १०,००० माणसांत २०,००० प्रती. दोन्ही प्रती बिघडलेल्या निघण्याची शक्यता १०,००० त एक, म्हणजे एक प्रत बिघडलेली असण्याची शंभरात एक, त्यामुळे त्यातल्या २०० बिघडलेल्या निघतात. या २०० पैकी आजारी मुलाकडे किती? फक्त २. उरलेल्या १९८ प्रती १९८ धडधाकट माणसांमध्ये एकेक अशा वाटलेल्या असतात. ही माणसं लोकल पकडतात, मॅरेथॉन पळतात, नातवंडं खेळवतात. आपल्याकडे असं काही आहे याचा त्यांना पत्ताही नसतो. डॉक्टर येण्याआधीही निसर्गाला ही १९८ दिसत नव्हती.

आता समजा औषध सापडलं आणि ते एक मूल मोठं होऊन संसाराला लागलं. दर पिढीला २ प्रती गळून जायच्या आणि साधारण तेवढ्याच नव्याने बिघडायच्या, म्हणून आकडा २०० वर टिकायचा. आता गळणं थांबलं, भर चालूच राहिली. आजाराचं प्रमाण दुप्पट व्हायला २०० च्या २८३ प्रती व्हाव्या लागतात. दर पिढीला २ या वेगाने त्याला सुमारे ४१ पिढ्या लागतात. पिढी २५ वर्षांची धरली तर हजार वर्षं. अंबरनाथचं शिवमंदिर १०६० सालचं, तेव्हापासून आजपर्यंत साधारण इतकाच काळ गेला आहे. आणि एवढं होऊन हाती काय लागणार, तर १०,००० मध्ये एकाऐवजी दोघं, ज्यांच्यावर उपचार उपलब्ध आहेत.

साठतात हे खरं. पण ज्या वेगाने साठतात तो बघता यासाठी झोप उडवायचं कारण नाही. काही जनुकशास्त्रज्ञ याहून जास्त काळजीत आहेत. प्रत्येक आजाराचा परिणाम सुटा धरण्याऐवजी हजारो बारीकसारीक दोषांची बेरीज बघा, असं त्यांचं म्हणणं आहे. वाद गंभीर आहे, पण तेही बोलतात ते अनेक पिढ्यांच्या भाषेत.

मग ज्यांना असे आजार आहेत त्यांनी मुलं होऊ देऊ नयेत, असं कोणी म्हणालं तर?

वरचं गणित त्याच्यापुढे ठेवा. रुग्णांना थांबवलं तरी ९९ टक्के प्रती निरोगी माणसांत सुरक्षित राहतात. केंब्रिजचे जनुकशास्त्रज्ञ पनेट यांनी १९१७ मध्येच साधारण असाच हिशोब मांडला होता. तरीही १९३३ मध्ये जर्मनीत सक्तीच्या नसबंदीचा कायदा झाला आणि सुमारे चार लाख लोकांवर तो राबवला गेला. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत असे कायदे त्याआधीपासून होते.

इथे इरावती कर्वे यांची आठवण येते. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनमध्ये अशाच वंशविचाराचे पुरस्कर्ते ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली डॉक्टरेट करत होत्या. गोऱ्यांच्या कवटीची ठेवण वेगळी म्हणून त्यांची बुद्धी श्रेष्ठ, असा फिशर यांचा होरा होता. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या, त्यांना वंशाशी जोडता येईल असा फरक सापडला नाही आणि त्यांनी गुरूच्या तोंडावर तसं प्रबंधात लिहिलं. परक्या देशात, परक्या भाषेत. मला याचं फार कौतुक आहे.

उपचारांमुळे एखादा आनुवंशिक आजार खरंच वाढतो, असं एकही उदाहरण नाही का?

आहे. डोळ्याच्या पडद्याचा लहान मुलांचा कॅन्सर, रेटिनोब्लास्टोमा. फ्लॅशने फोटो काढला की बाळाच्या एका बुबुळात लालऐवजी पांढरी चमक दिसते, बऱ्याचदा आईलाच ती आधी जाणवते. याच्या आनुवंशिक प्रकारात बिघडलेली एकच प्रत पुरते, त्यामुळे पुढच्या पिढीत ती जायची शक्यता दर गरोदरपणात निम्मी असते. पूर्वी ही मुलं वाचत नसत. आता वाचतात, मोठी होतात, आई-बाप होतात. अशा आजारात वाढ दोन-तीन पिढ्यांतही मोजता येते. पण याच कुटुंबांना आजार माहीत असतो, बाळाचे डोळे पहिल्या महिन्यापासून तपासले जातात आणि आजार लवकर सापडला तर जीव वाचतोच, बऱ्याचदा नजरही वाचते.

पोटाच्या खालच्या तोंडाचा स्नायू जाड झाल्यामुळे तान्ही बाळं दूध भसकन ओकतात, तो आजारही याच जातीचा. १९१२ पासून त्यावर छोटी शस्त्रक्रिया आहे. लहानपणीचा मधुमेहही घ्या. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत पहिल्यांदा माणसाला इन्सुलिन टोचलं गेलं, त्याआधी अशी मुलं महिन्या-वर्षात जात. ही जनुकं आता पुढे जातात हे मान्य. माझ्या मते तो सौदा फायद्याचा आहे.

आता सगळ्यांचंच सिझर होतं. पुढे बायकांना नैसर्गिक बाळंतपण जमणारच नाही का?

आधी आकडे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात २१.५ टक्के बाळंतपणं सिझेरियनने झाली, महाराष्ट्रात २५.४ टक्के. देशातल्या खासगी रुग्णालयांचा आकडा ४७.४ आणि सरकारी रुग्णालयांचा १४.३ टक्के. सरकारी आणि खासगी दवाखान्यातल्या बायकांचं कंबरेचं हाड वेगळं नसतं. त्यामुळे ही तफावत उत्क्रांतीने आलेली नाही, कशाने आली ते तुम्ही जाणता.

आता उत्क्रांतीचा भाग. माणसाच्या बाळाचं डोकं मोठं आणि आईचा मार्ग अरुंद. पूर्वी डोकं अडलं की आई आणि बाळ दोघंही जात. सिझेरियनने हा मृत्यू टळला. व्हिएन्नातल्या फिलिप मिटरोकर आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये गणिती मॉडेल मांडलं: सिझेरियन सर्रास झाल्यापासून डोकं अडण्याचं प्रमाण हजारात ३० वरून ३६ वर गेलं असावं. बातम्यांनी "सिझरमुळे माणूस बदलला" असा मथळा केला. पण हे कागदावरचं गणित आहे, कोणी बायकांची कंबर पिढ्यानपिढ्या मोजलेली नाही. त्याच काळात बाळांचं वजन आणि आयांचं वय, दोन्ही वाढलं आहे, तेही या आकड्यात मिसळतं. मॉडेल खरं मानलं तरी फरक हजारात सहाचा.

मुलांना चौथीतच चष्मा लागतो. हे चष्म्यांमुळे कमजोर डोळ्यांची जनुकं टिकली म्हणून?

नाही. दोन पिढ्यांत जनुकं इतकी बदलत नाहीत. मुलं उन्हात कमी आणि पुस्तक-मोबाईलजवळ जास्त, हे कारण. चीनमधल्या ग्वांगझू शहरातल्या शाळांत काही मुलांना रोज ४० मिनिटं जास्त मैदानावर पाठवलं. तीन वर्षांत त्यांच्यातल्या ३० टक्के मुलांना नंबर लागला, न पाठवलेल्यांतल्या ४० टक्के मुलांना. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये तिसाव्या मजल्यावर राहत असाल तर संध्याकाळी मुलाला खाली पाठवा, बास.

आपल्याकडे घरटी मधुमेह आहे. तो तरी जनुकांचाच ना?

काही अंशी. पण चाळिशीनंतरचा मधुमेह, बीपी, हृदयविकार हे मुलंबाळं झाल्यावर गाठतात, त्यामुळे नैसर्गिक निवडीची नजर त्यांच्यावर फारशी पडत नाही. ती आधीही पडत नव्हती. औषधांनी या जनुकांना टिकवलं हे म्हणणं म्हणूनच लागू पडत नाही.

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी केलेलं काम इथे वाचण्यासारखं आहे. पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. तरी आपल्या बाळांच्या अंगात चरबी मात्र त्या मानाने टिकून होती, कमी होता तो स्नायू. दिसायला किडकिडीत, आतून चरबीदार. आईच्या पोटात असतानाच्या पोषणाचा यात मोठा हात आहे. आजीच्या पिढीतली उपासमार आणि नातवाच्या पिढीतला वडापाव यांची ही गाठ आहे, जनुकांना नुसतं बोल लावून भागत नाही.

सिकल सेल आणि थॅलेसेमिया इतके टिकलेच कसे? आणि पुढे काय होणार?

हा माझ्या रोजच्या कामाचा विषय, त्यामुळे उत्तर लांबणार.

दोन्ही हिमोग्लोबिनचे आजार. दोन बिघडलेल्या प्रती असल्या तर मूल गंभीर आजारी. पण एकच बिघडलेली प्रत असलेल्याला, म्हणजे वाहकाला, मलेरिया झाला तर तो सहसा जिवावर बेतत नाही. थॅलेसेमियाबद्दल ही कल्पना ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९४९ मध्ये मांडली. हेच हॉल्डेन पुढे भारतात आले, भारतीय नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. सिकल सेल आणि मलेरियाचा संबंध अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेतल्या पुराव्यांनिशी दाखवला. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया, तिथे ही जनुकं. पालघर २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता. त्या पट्ट्यातल्या आदिवासी पाड्यांवर सिकल सेल आढळतो, तसाच नंदुरबार आणि गडचिरोलीतही. उल्हासनगर फाळणीनंतर निर्वासितांच्या छावणीतून उभं राहिलं. तिथल्या सिंधी समाजात थॅलेसेमियाचे वाहक जास्त आहेत. लोहाणा, भानुशाली, पंजाबी कुटुंबांतही. देशभर बघितलं तर शंभरात तीन ते चार जण वाहक.

वैद्यक इथे एकाच वेळी दोन उलट्या गोष्टी करतं. मलेरिया आटोक्यात आणून ते या जनुकाचा फायदा काढून घेतं. आणि रुग्णांना रक्त, गोळ्या, बोन मॅरो देऊन त्याचा तोटाही कमी करतं. फायदा गेला आणि तोटा पूर्ण राहिला असता तर दहा टक्क्यांवर असलेलं जनुक पाच टक्क्यांवर यायला दहा पिढ्या लागल्या असत्या, म्हणजे अडीचशे वर्षं. उपचारांमुळे याहून जास्त लागतील.

सायप्रसमध्ये चाचण्यांची इतकी चोख व्यवस्था आहे की थॅलेसेमिया मेजरची, म्हणजे दोन्ही प्रती बिघडलेली, मुलं तिथे जवळपास जन्मतच नाहीत. पण साधारण सातातला एक माणूस आजही वाहक आहे. आजार गेला, जनुक जागेवर. आपल्याकडेही २०२३ मध्ये सिकल सेल निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन सुरू झालं, २०४७ पर्यंतचं. निर्मूलन आजाराचं करायचं आहे, जनुकाचं करायला गेलात तर वरचं गणित पुन्हा आडवं येतं.

थॅलेसेमियाच्या वाहकाचा रिपोर्ट कसा दिसतो ते सांगते. हिमोग्लोबिन थोडं कमी, दहा-अकरा. तांबड्या पेशींची संख्या मात्र कमी नाही, उलट भरपूर. पेशींचा आकार, म्हणजे एमसीव्ही, ८० च्या खाली, कधी ६५. अशा कित्येक बायकांना वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या दिलेल्या असतात आणि हिमोग्लोबिन तसूभर हलत नाही. मग कोणीतरी एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी चाचणी, सांगतं आणि आलेखात हिमोग्लोबिन ए-२ चा छोटा उंचवटा ३.५ टक्क्यांच्या वर निघतो. कोडं सुटलं. ती बाई आजारी नसतेच.

वैद्यक फक्त सांभाळूनच घेतं की काही जनुकांना धोकाही निर्माण करतं?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, आणि मला तो सर्वांत आवडतो.

१९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत एक रक्तगट शोधला, तो जगभर 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणून ओळखला जातो. आपल्याकडे साधारण दहा हजारांत एकाचा असतो. साध्या चाचणीत तो ओ दिसतो, पण ओ गटाचं रक्त दिलं तरी या माणसाच्या जिवावर बेततं. हजारो वर्षं या जनुकाचा काहीच त्रास नव्हता, कारण कोणी कोणाला रक्त देतच नव्हतं! धोका जन्मला तो रक्तपेढीबरोबर.

तसंच जी-सिक्स-पीडी या, तांबड्या पेशींना सांभाळणाऱ्या एन्झाइमची कमतरता. मलेरियापासून बचाव करणारं हेही जनुक. नवी मुंबईत बांधकामांच्या टाक्यांत डास वाढतात, व्हायवॅक्स मलेरिया होतो आणि त्यावर १४ दिवस प्रायमाक्विन देतात. ही कमतरता असलेल्याच्या तांबड्या पेशी त्या गोळीने फुटायला लागतात, लघवी काळी होते. तिसरं उदाहरण दक्षिणेतल्या आर्य वैश्य समाजातलं. त्यांच्यातल्या काहींना भुलीच्या वेळचं स्नायू सैल करणारं एक औषध दिलं की मिनिटांत उतरायचा असर तासन्‌तास टिकतो आणि श्वास यंत्रावर ठेवावा लागतो. औषध नव्हतं तोवर या जनुकाचं कोणाला नावही माहीत नव्हतं.

कोविडने कमजोर लोक गाळले गेले आणि उरलेले मजबूत, असं म्हणतात.

म्हणू देत. ह्यूगो झेबर्ग आणि स्वांते पेबो यांनी २०२० मध्ये दाखवलं की तिसऱ्या गुणसूत्रावरचा एक तुकडा कोविड गंभीर व्हायचा धोका वाढवतो आणि तो आपल्याला निअँडरथाल या नामशेष झालेल्या माणसाकडून मिळाला आहे. दक्षिण आशियातल्या जवळपास निम्म्या लोकांकडे त्याची निदान एक प्रत आहे, युरोपात १६ टक्क्यांकडे. म्हणजे ही ओळ वाचणाऱ्या दोघांतल्या एकाकडे. तरीही कोविडने या तुकड्याचं प्रमाण फारसं बदललं नसणार, कारण जे गेले ते बहुतांशी मुलंबाळं झालेले, साठीपुढचे होते. घर रिकामं झालं, पण जनुकांचा हिशोब त्याआधीच पुढच्या पिढीत गेला होता.

लशीने किंवा जनुक-उपचाराने आपली जनुकं बदलून ती मुलांत जातात का?

लशीने जनुकं बदलतच नाहीत, ती प्रतिकारशक्तीला ओळख करून देते.

जनुक-उपचार वेगळा. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या कॅन्सर संशोधन केंद्रात टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी आणि आयआयटी मुंबईच्या शास्त्रज्ञांनी भारतीय कार-टी उपचाराच्या चाचण्या केल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला मान्यता मिळाली. यात रुग्णाच्या रक्तातल्या टी पेशी बाहेर काढून, त्यांत नवं जनुक घालून परत सोडतात आणि त्या रक्ताच्या कॅन्सरच्या पेशींवर तुटून पडतात. पण हा बदल रक्तपेशींत असतो, बीजांडात किंवा शुक्राणूत नाही. रुग्णाबरोबर तो संपतो. उत्क्रांतीच्या वहीत त्याची थेट नोंद होत नाही.

पुढच्या पिढीत जाणारा बदल एकदाच केल्याचं जाहीर झालं आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये चीनच्या हे जियानकुई यांनी भ्रूणात फेरफार करून जुळ्या मुली जन्माला घातल्या. पुढच्या वर्षी त्यांना तीन वर्षांचा तुरुंगवास झाला. योग्यच झालं.

टेस्ट ट्यूब बेबीमुळे वंध्यत्व पुढच्या पिढीत जातं का?

सगळ्यांचं नाही. वंध्यत्वाची बहुतेक कारणं, जसं की नळ्या बंद असणं, जंतुसंसर्ग किंवा वय, आनुवंशिक नसतात. ६ ऑगस्ट १९८६ ला मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून जन्मलेली मुलगी पुढे स्वतः आई झाली.

एक अपवाद मात्र ठोस आहे. काही पुरुषांच्या वाय गुणसूत्राचा छोटा तुकडा गळालेला असतो आणि त्यामुळे शुक्राणू फार कमी होतात. निसर्गात ही गोष्ट त्याच पिढीत थांबायची. १९९२ पासून एकच शुक्राणू सुईने बीजांडात सोडता येतो, त्याला इक्सी म्हणतात. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जसंच्या तसं जातं, त्यामुळे मुलगा झाला तर त्यालाही हीच अडचण येणार, हे जवळपास नक्की. शुक्राणू फारच कमी असतील तर इक्सीआधी ही तपासणी मागून घ्या. बरेच जण तरीही पुढे जातात, आणि का जाऊ नये? मुलाच्या वेळीही सुई असेलच.

हल्ली लग्नं पस्तिशीत होतात. त्याचा काही परिणाम?

होतो, आणि तो बापाच्या बाजूने जास्त. प्रत्येक मुलात साधारण ६० ते ७० नवी म्युटेशन्स, म्हणजे जनुकांतले बदल, असतात, जी आई-बापांत नव्हती. बापाचं वय एक वर्षाने वाढलं की त्यात एक-दोनची भर. बीजांडं मुलीच्या जन्माआधीच तयार झालेली असतात, पण शुक्राणू आयुष्यभर नव्याने बनत राहतात, झेरॉक्सची झेरॉक्स काढत राहावं तसे. यातली बहुतेक म्युटेशन्स निरुपद्रवी असतात. तरी वधू-वर मेळाव्यात मुलीचंच वय बघितलं जातं, याची मला गंमत वाटते.

मग सगळ्यात वेगाने बदलतंय कोण?

जंतू. कोणी विचारलं नाही तरी मी हे उत्तर देतेच.

ई-कोलाय हा आतड्यातला जीवाणू सगळं मनासारखं मिळालं तर वीस मिनिटांत दुप्पट होतो. दिवसाला ७२ पिढ्या. आपल्याला तेवढ्या पिढ्यांना अठराशे वर्षं लागतात. औषधाने माणसाची उत्क्रांती किती झाली याचा हिशोब शतकांनी करावा लागतो, जंतूंची एका आठवड्याच्या कोर्समध्ये दिसते.

संध्याकाळी सातला कुठल्याही नाक्यावरच्या केमिस्टसमोर उभे राहा. घसा धरलेला एक गृहस्थ येतो. "ती अझिथ्रो द्या, तीन." चिठ्ठी नाही. काउंटरवरचा मुलगा सहाची पट्टी घेतो, कात्रीने मधोमध कापतो, अर्धी कागदी पिशवीत टाकतो. पट्टीच्या मागे एक उभी लाल रेघ असते, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका असं सांगणारी. २०१६ मध्ये तिच्यासाठी सरकारने मोहीमच काढली होती. गृहस्थांना दुसऱ्या दिवशी बरं वाटतं, कारण घसा बहुतेक वेळा व्हायरसने धरलेला असतो आणि तो आपोआपच बरा होणार असतो. गोळ्यांचा मार बसतो तो पोटातल्या जीवाणूंना. त्यातले चिवट उरतात आणि मोकळ्या जागेत वाढतात. पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल भाषणातच अर्धवट डोसाबद्दल बजावलं होतं.

टीबीचा जंतू फार संथ, एकदा दुप्पट व्हायला जवळपास दिवस घेतो. तरीही औषधांना दाद न देणारे प्रकार तयार झाले, कारण उपचार महिनोन्‌महिने चालतात आणि माणसं मध्येच सोडतात. २०१२ च्या सुरुवातीला मुंबईतल्या डॉक्टरांनी जवळजवळ कुठल्याच औषधाला न जुमानणाऱ्या टीबीचे रुग्ण जाहीर केले तेव्हा जगभर खळबळ माजली. जगातल्या टीबीचा साधारण चौथा हिस्सा भारतात आहे. त्या नाक्यावरच्या कात्रीपुढे सिझरच्या मॉडेलमधले हजारातले सहा कुठेच नाहीत.

अक्कलदाढ, करंगळी वगैरे नाहीशी होणार का?

अक्कलदाढ काहींना येतच नाही, हे जुनंच आहे, दंतवैद्यांचा त्यात हात नाही. करंगळी कुठेही जात नाही. ऑस्ट्रेलियातल्या शरीरशास्त्रज्ञांनी २०२० मध्ये एक मजेशीर गोष्ट मात्र नोंदवली: गर्भात असताना हाताच्या मधोमध असलेली आणि नंतर विरून जाणारी एक धमनी आता जास्त लोकांत आयुष्यभर टिकते. १८८० च्या दशकात जन्मलेल्यांत दहा टक्के, विसाव्या शतकाच्या अखेरीस तीस टक्के.

हजार वर्षांनी ठाणेकर कसा दिसेल?

अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात १९४८ पासून हजारो माणसांची पिढ्यान्‌पिढ्या तपासणी चालू आहे. तिथे आधुनिक वैद्यक पूर्ण उपलब्ध. तरी २०१० मध्ये स्टीफन स्टर्न्स, दिदहळ्ळी गोविंदराजू आणि इतरांना दिसलं की थोड्या बुटक्या, थोड्या जाड, कोलेस्टेरॉल कमी असलेल्या आणि पाळी उशिरा जाणाऱ्या बायकांना मुलं किंचित जास्त झाली. हेच चालू राहिलं तर दहा पिढ्यांनी बायका सरासरी दोन सेंटिमीटर बुटक्या आणि एक किलो जाड होतील. दहा पिढ्यांत दोन सेंटिमीटर! चांगल्या खाण्याने एकाच पिढीत याहून जास्त उंची वाढते.

आपल्याकडे जनुकांच्या दृष्टीने घडतंय ते रुग्णालयांपेक्षा लग्नाच्या मांडवात. जनुकांच्या अभ्यासातून दिसतं की आपल्या पूर्वजांचं आपसांत मिसळणं सुमारे १,९०० वर्षांपूर्वी बंद पडत गेलं आणि जातीतल्या जातीत लग्नं पक्की झाली. छोट्या गटात लग्नं होत राहिली की तीच बिघडलेली प्रत दोन्हीकडून येण्याची शक्यता वाढते. मामाच्या मुलीशी लग्न हा त्याचा आणखी घट्ट प्रकार. आता वाशीच्या ऑफिसात साताऱ्याचा मुलगा केरळच्या मुलीला भेटतो, ऐरोलीची आगरी मुलगी बिहारी इंजिनिअरशी लग्न करते. घरात दोन महिने अबोला असतो, मग बारसं होतं. वाहक तेवढेच राहतात, पण दोन वाहक एकत्र येणं कमी होतं आणि असे आजार एकाच पिढीत घटतात. गंमत म्हणजे हेच आजार पुढे कितीतरी पिढ्यांनी हळूहळू पुन्हा वर येऊ शकतात, कारण लपलेल्या प्रती निसर्गाच्या नजरेआड आणखी सुरक्षित होतात. पण तो पुन्हा हजारो वर्षांचा प्रश्न.

हे सगळं ठीक. आम्ही नेमकं काय करून घ्यायचं?

लग्नाआधी, नाहीतर मूल ठरवताना, नाहीतर गरोदरपणाच्या पहिल्याच भेटीत, एकदा सीबीसी (रक्तपेशींची साधी मोजणी) आणि हिमोग्लोबिनची एचपीएलसी करून घ्या. आयुष्यात एकदाच करायची चाचणी आहे. फक्त त्याआधी तीन-चार महिन्यांत रक्त चढवलेलं नसावं. पत्रिकेसोबत हा कागदही बघा असं मी सगळ्यांना सांगते, आणि सगळे हसतात.

बायको वाहक निघाली तर घाबरू नका, नवऱ्याची तपासणी करा. तो वाहक नसेल तर विषय संपला. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता गंभीर आजाराची. पहिलं मूल निरोगी झालं म्हणून दुसऱ्याची शक्यता कमी होत नाही. बाळाची तपासणी अकराव्या आठवड्यापासून करता येते, तिचा रिपोर्ट यायला वेळ जातो, आणि गर्भपाताच्या कायद्यात विसाव्या आठवड्यानंतर अटी वाढत जातात. म्हणून नवऱ्याचं रक्त पुढच्या महिन्याच्या भेटीपर्यंत लांबवू नका, त्याच आठवड्यात द्यायला लावा. "मला काही झालेलं नाही" असं तो म्हणणारच. वाहकाला काही झालेलं नसतंच.